साठी कोणाची

केक आणला मेहनाजने आणि लपवलाही मेहनाजनेच.

गुरुवारी संध्याकाळी बेकरीतून उचलला तेव्हा मेहनाजबाई केवढ्या खुशीत होत्या! पांढरं क्रीम, त्यावर चॉकलेटने लिहिलेलं ‘अब्बा’, आणि खाली तळहाताएवढा साठाचा आकडा. रविवारी, एक जूनला, तिच्या सासऱ्यांना, हारूनअब्बांना, साठ पूर्ण होत होती. या घरात आजवर कुणी केक कापला नव्हता. सासूबाई शरफुन्निसा म्हणायच्या, “जन्माला आलो म्हणून कसलं बक्षीस? त्यात आपली मेहनत काय?” पण नऊ वर्षांच्या फरहानाने हट्ट धरला. तिच्या इंडियन स्कूलमध्ये म्हणे सगळ्यांचे दादा, म्हणजे आजोबा, केक कापतात. मग शुक्रवारचा बेत ठरला, जेद्दाच्या शौकतभाईंनाही, अब्बांच्या भावाला, बोलावणं गेलं.

आणि शुक्रवारी सकाळी मेहनाजच्या नवऱ्याने, सुफियानने, चहा पिता पिता मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. साठीच्या वरचा परदेशी कामगार यापुढे एक धरायचा नाही, दोन धरायचे, असं काहीतरी सरकारदरबारी शिजत होतं. कधीपासून, खरंच की नुसत्या गप्पा, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण सुफियानच्या हातातला चहा निवला. मेहनाज उठली, फ्रिज उघडला आणि केकच्या डब्यावर मेथीच्या चार जुड्या रचून ठेवल्या.

“हे काय करतेस?” सुफियानने विचारलं.

“तुझ्या अब्बांना आज ‘साठ’ हा आकडा दाखवायची हिंमत तुझ्यात आहे? माझ्यात नाही.”

आता यात घाबरण्यासारखं काय, तर सगळंच. सौदीकरणाची ती वर्षं होती. प्रत्येक कंपनीला सरकारने रंग दिला होता. इथली माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी पडली तर पिवळा, आणखी कमी तर लाल. रियाधमधल्या अल सुलैच्या वखारींत हारूनअब्बांनी उभं केलेलं पॅकिंगचं यार्ड हिरव्याच्या अगदी काठावर बसलेलं होतं, पाय खाली सोडून. अब्बा एकाचे दोन झाले की यार्ड पिवळ्यात. आणि पूर्वेकडच्या ज्या बड्या तेलकंपनीचे व्हॉल्व आणि पंप यांच्या लाकडी खोक्यांतून जायचे, ती पिवळ्या माणसाला गेटवर उभीसुद्धा करत नव्हती. तिचा वार्षिक फॉर्म दहा दिवसांत भरायचा होता.

सदतीस वर्षं अब्बांनी ती खोकी ठोकली होती. रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, खताचे कारखाने आले, प्लास्टिकचे आले, आणि प्रत्येकाचं काही ना काही अब्बांच्या खोक्यातून गेलं. पूर्वी अमेरिकन इन्स्पेक्टर यायचे, मग कोरियन आले, आता अब्बांच्या मुलाहून लहान सौदी इंजिनियर येत होते. “आधी विचारायचे, लाकूड कुठलं,” अब्बा कुरकुरायचे, “आता विचारतात, माणसं कुठली.”

*

जुम्म्याची नमाज आटोपून दोघे भाऊ घरी आले. पुढे हारून, ताठ, अत्तर लावलेला. मागे शौकत, रात्रभराच्या बसने आखडलेला, हातात सात पट्ट्यांनी आवळलेलं खोकं. जेद्दाच्या बलद या जुन्या बाजारात त्याचं हज-उमऱ्याच्या सामानाचं दुकान होतं, म्हणजे दुकान कफीलचं, परवाना ज्याच्या नावावर त्या सौदी शेखचं, आणि राबणं शौकतचं. पट्टे, दोऱ्या, चपला, सामान बांधून देणं. दुकान सोडून इतक्या लांब तो सहसा येत नसे. एक जूनला त्याचा फोन मात्र न चुकता यायचा. “हारून, मुबारक रे,” एवढंच बोलून ठेवायचा.

शरफुन्निसाने डोक्यावरचा पदर सारखा केला. मोठे दीर ते. “या भाई. मटण-भाताची आकणी केलीय. मासळी नाही मिळाली, मिळाली ती बर्फातली. रियाधला वीस वर्षं मी मासे खात नाही, बर्फ खाते.”

दस्तरखान पसरलं. पहिला घास होईतो सुफियान गप्प बसला, मग राहवेना. एमबीएला शिकवतात तसं त्याने आधी कौतुक केलं, मग बातमी सांगितली.

“दोन?” हारूनने हात थांबवला. “मी दोन माणसं?”

“कागदावर, अब्बा.”

“मग पगार दोन देणार का?”

“जेवतात दोघांचं,” शरफुन्निसा म्हणाली, “धरू देत दोन.”

शौकत एकटाच हसला. सुफियानने घसा साफ केला. “माझं म्हणणं इतकंच, की तुम्ही आता आराम करा. फायनल एक्झिट घ्या, कायमचं गावाला जा. घर बांधून ठेवलंय, आंबा मोहरतो, तुम्ही दोघं नुसतं...”

“नुसतं काय?”

“बसा.”

एवढंच म्हणाला बिचारा. पण हारूनच्या डोळ्यांसमोर त्याच क्षणी जलालमामू उभे राहिले. जलालमामू दम्मामहून कायमचे घरी गेले, आणि महिन्याभरात बायकोच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला लागले. दुसऱ्या महिन्यात मसाल्यांवर नंबर टाकले. तिसऱ्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षांची बाई माहेरी निघून गेली. आता मामू फाट्यावरच्या मोरीवर बसून एस. टी. मोजतात आणि एखादी उशिरा आली की कंडक्टरवर चिडतात. हारूनला मरणाची भीती नव्हती, खरं सांगतो, त्या मोरीची होती. सकाळी उठून जायला जागा नाही, हे नुसतं मनात आणलं तरी तो उठून चपला शोधायला लागायचा.

शरफुन्निसालाही तेच डबे दिसले. गावाला जायचं तिच्या मनात पुष्कळ होतं, पण नवऱ्याशिवाय. “यांना माझ्या स्वयंपाकघरात बसवायचं असेल,” ती मुलाला म्हणाली, “तर आधी मला एक्झिट दे.”

“अम्मी, तुम्ही तरी!”

“मी तरी काय? आज सकाळपर्यंत बाप अब्बा होता, आता अडचण झाला?”

“मी असं कधी म्हटलं?”

“साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुझी तर बत्तिशीतच गेली!”

*

मेहनाज वाढत होती आणि विचार करत होती. शाळेत ती गणित शिकवायची, घरचे सगळे ऑनलाइन कागद तीच भरायची, त्यामुळे भांडणात रडण्यापेक्षा तिला आधी रकाने दिसायचे.

“अब्बांना खरंच साठ झाली का पण?” तिने विचारलं. “तुम्हीच म्हणता ना, अम्मी, गावच्या मास्तरांनी सगळ्यांना एक जून दिला म्हणून.”

“सगळ्यांना. आमच्या गल्लीत एका दिवशी बावीस पोरं जन्मली, शाळेच्या रजिस्टरात.”

“मग वर्षही चुकलं असेल! दाखला काढू, एम्बसीत जाऊ, पासपोर्टवर दुरुस्ती करून घेऊ.”

सुफियानचा चेहरा उजळला. शरफुन्निसाचाही. “वर्ष चुकलंच आहे,” ती उत्साहाने म्हणाली. “सासूबाई नेहमी सांगायच्या, मशिदीची विहीर खारट झाली त्या पावसाळ्यात हारून झाला. आणि विहीर खारट झाली एकोणसाठला, ते तर पंचायतीच्या दगडावरच कोरलंय.”

“एकोणसाठ! म्हणजे अब्बा पंचावन्न!” मेहनाजने टाळीच वाजवली. “आणि मोठे अब्बा?”

“भाई विहीर गोड होती तेव्हाचे. पाच वर्षं आधीचे.”

हारूनला जोराचा ठसका लागला. शौकतने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि नजर ताटात घातली.

मेहनाजचं गणित तोवर पुढे गेलं होतं. शौकतच्या इकाम्याचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, कागदही तीच बघायची. “थांबा. मोठ्या अब्बांच्या पासपोर्टवर एकोणसाठ आहे. अब्बांच्या पासपोर्टवर चौपन्न.” ती दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. “मला वाटायचं कारकुनाची चूक. चूक नाहीये ही. अदलाबदल आहे.”

सगळे हारूनकडे बघत होते. हारून आकणीतली हाडं एका रांगेत लावत होता.

“सांग की आता,” शौकत म्हणाला.

“तू सांग. तू मोठा आहेस.”

“सदतीस वर्षांत आज आठवलं?” शौकतने हात धुतले, पुसले आणि भिंतीला टेकून बसला. “हे बघ सुफियान. व्हिसा माझा होता.”

सुफियानला कळलंच नाही. “कसला व्हिसा?”

“सुताराचा. मी बंदरावर गलबतांच्या कामाला होतो, हात चांगला होता. डोंगरीच्या एजंटाने माझ्यासाठी व्हिसा आणला. आणि हा तुझा बाप मॅट्रिक नापास होऊन घरात बसला होता, आईचं डोकं खात. एके दिवशी तांदळाच्या डब्यांना नंबर टाकले याने.”

“बघ!” शरफुन्निसा म्हणाली. “तेव्हापासून!”

“आई म्हणाली, शौकत, तू इथे कमावून खाशील. हा इथे राहिला तर मी राहणार नाही. याला पाठव. एजंट म्हणाला, एकवीसच्या खालचा चालत नाही, हा अठराचा. मी म्हटलं, मग माझं वय याला घाला. तो म्हणाला, आणि तुला? मी म्हटलं, मला कुठे जायचंय!”

“आणि मग तुम्ही आलात,” मेहनाज हळूच म्हणाली.

“चार वर्षांनी. लाकडाची गलबतं संपली. एजंट तोच. म्हणाला, चौपन्नची तारीख तुझ्या भावाने वापरली, आता ही एकोणसाठची उरलीय, घे. घेतली.”

फरहानाने बरोबर प्रश्न विचारला, “सो दादा इज द छोटा भाई?”

“कायम होतो,” हारून म्हणाला. “फक्त कागदावर नव्हतो.”

*

सुफियानला पहिल्यांदा बापाची दया आली आणि लगेच दहा दिवसांवरचा फॉर्म आठवला. तो काही वाईट मुलगा नव्हता, त्याच्यामागे बारा घरांच्या चुली होत्या. “मग सोपं आहे. दुरुस्ती करून टाकू.”

“सोपं?” मेहनाज म्हणाली. “एकाची दुरुस्ती केली तर विचारतील, ही तारीख मग कोणाची. दोघांची केली तर विचारतील, मग आलं होतं कोण. सदतीस वर्षांचे इकामे उघडतील. दोघेही खलास, घरी.”

“मग एक सौदी अजून ठेवू.”

“माजिदचा चुलतभाऊ तयार आहे,” हारून म्हणाला, “पण त्याला मॅनेजर व्हायचंय आणि खुर्ची फिरणारी पाहिजे.”

माजिद म्हणजे यार्डातला सौदी मुलगा. नेमणूक केली तेव्हा सुफियानला खात्री होती, हा घरी बसेल, आपण रजिस्टरात ‘मनुष्यबळ अधिकारी’ लिहू. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या आईने त्याला घराबाहेर काढलं आणि तो खरोखरच कामावर आला! काय द्यावं त्याला, कुणाला सुचेना. हारूनने हातोडा दिला.

“म्हणजे घोडं तिथेच अडलं,” सुफियान म्हणाला. “अब्बा, मी तुम्हाला जा म्हणत नाही...”

“म्हणालास की मघाशी.”

“पण कंपनीचा फॉर्म...”

“ती कंपनी नुसती वाळू होती तेव्हापासून मी तिला खोकी देतोय!” हारूनचा आवाज चढला, आणि मध्येच चिरला. “मला खोक्यात घाल आणि धाड गावाला! वर लिही, दोन नग!”

फरहाना खुदकन हसली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी दिसलं तशी गप्प झाली.

*

शौकत हे सगळं बघत होता. तो आला होता वेगळ्याच कामाला, आणि सांगायला जमत नव्हतं. लहानपणी त्याला बोलायला वेळ लागायचा, तो अजून लागायचा. त्याचे गुडघे संपले होते. हाजींच्या पेट्या उचलून पाठ वाकली होती. गावी जोहरा, त्याची बायको, दर फोनला विचारायची, कधी येता. आणि कफीलला सांगायला जावं, तर तो शेख इकामा बघून हसायचा. पंचावन्न? अरे, तू तर जवान आहेस! यल्ला, काम कर. पाच वर्षं शौकत थकल्याचं सांगत होता आणि पाच वर्षं कागद त्याला खोटं पाडत होता.

“हारून,” तो म्हणाला, “माझी साठी मला परत दे.”

“कशी देऊ? ऐकलंस ना, कागद बदलत नाही.”

“कागद राहू दे. मी जातो. जोहराला सांगितलंय, या पावसात घरी. कफीलला सांगितलं, माझ्याजागी माझ्यासारखाच माणूस दिला तरच सोडेन म्हणाला.” त्याने भावाकडे बघितलं. “दुकान चार माणसांचं. एवढ्या लहानाला रंग नाही, हिरवा नाही, लाल नाही. साठीचा ये, नव्वदीचा ये. तू ये माझ्या जागी.”

“मी?” हारून सावरून बसला. “बलदमध्ये? पट्टे विकू?”

“चपलासुद्धा.”

“भाई, माझ्या खोक्यांतून रिफायनऱ्या गेल्यात!”

“आता हाजींच्या पेट्या जातील. त्या फुटल्या तर माणूस जास्त रडतो.”

हारूनला राग आला, लाज वाटली, आणि त्याखाली कुठेतरी एकदम सुटल्यासारखंही वाटलं. सकाळी उठून जायला जागा! पण हे कबूल करणार कसं? त्याने नेहमीप्रमाणे बायकोकडे बघितलं, ती नाही म्हणेल या भरवशावर.

शरफुन्निसा मात्र दुसऱ्याच हिशेबात होती. “भाई, जेद्दाला मासळी बाजार कितीवर आहे?”

“दुकानापासून? चालत वीस मिनिटं. फजरच्या नमाजनंतर होड्या लागतात.”

“जिवंत?”

“उड्या मारते.”

“आम्ही येतो,” शरफुन्निसा म्हणाली. “मक्काही तासाभरावर. उमरा होईल, सुरमई होईल.”

“अगं, मला विचार तरी!” हारून म्हणाला.

“तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही धाकटे.”

मेहनाजने तोंडाला ओढणी लावली. सुफियानला आता एकदम घाम फुटला. काढायचं म्हणणं वेगळं आणि खरंच जाणं वेगळं. “अब्बा, पण यार्डात फळ्या कोण तपासणार? ओली फळी मला नाही कळत. मशीनला पण नाही कळत.”

“माजिदला कळते.”

“माजिदला?”

“बोटाने ठोकतो, कान लावतो, सांगतो. गेल्या महिन्यात दोन फळ्या मी चांगल्या म्हटल्या, त्याने काढून टाकल्या. त्याचं बरोबर होतं.” हारूनने नाक ओढलं. “सरकारला इथली माणसं पाहिजेत ना? हा एक तयार आहे. ते मनुष्यबळ अधिकारी वगैरे खोड आणि सुतार लिही. सुतार म्हटलेलं आवडतं त्याला.”

सुफियान बापाच्या जवळ सरकून बसला. त्याने बापाच्या पायाला हात लावून तो तसाच ठेवला. हारूनने पाय काढून घेतला नाही.

*

तेवढ्यात फ्रिजचं दार वाजलं. फरहानाला धीर निघाला नव्हता. मेथीच्या चारही जुड्या जमिनीवर टाकून ती डबा दोन्ही हातांनी घेऊन आली आणि दस्तरखानाच्या मधोमध ठेवला. क्रीमवर मेथीचं एक पान चिकटलं होतं. त्याच्या शेजारी ‘अब्बा’, आणि खाली साठ, चांगलं ठसठशीत.

“या अल्लाह,” मेहनाज म्हणाली.

“दादा, कट!” फरहानाने सुरी पुढे केली.

हारूनने सुरी घेतली. मग त्याने सुरीच्या टोकाने आधी मेथीचं पान काढलं, मग फळीवरचा रंग खरवडावा तसं ‘अब्बा’ हलकेच खरवडून काढलं. साठाला हात लावला नाही. केक फिरवून शौकतसमोर सरकवला आणि सुरीची मूठ त्याच्याकडे केली.

“हे तुझं आहे.”

“अरे, मी कुठे कधी...”

“इतकी वर्षं तू मला फोन करतोस, भाई. एक जूनला. मुबारक म्हणतोस. ती वर्षं माझी असल्यासारखी.” हारूनने सगळं बोलूनच टाकलं. “एकदाही म्हणाला नाहीस, की ती तुझी आहेत.”

शौकत सुरी धरून बसला. डोळे पुसायला हात वर नेला तर गालाला क्रीम लागलं, आणि शरफुन्निसा रडता रडता हसायला लागली. मग त्याने केक कापला, सुताराच्या हाताने, एकही तुकडा वाकडा नाही. पहिला तुकडा हारूनने उचलला आणि भावाच्या तोंडात घातला.

“मुबारक, भाई. साठ झाली.”

“झाली रे,” शौकत म्हणाला. एवढा मोठा श्वास त्याने सोडला, की किती वर्षांचा अडकला होता कोण जाणे. “झाली एकदाची.”

फरहाना बोटं चाटत विचारात पडली होती. “पण दादा, मग तुम्ही किती वर्षांचे?”

“मी? पंचावन्न.” हारून ताठ बसला. “नवीन नोकरी लागलीय.”

“दुकान आठाला उघडतं,” शौकत केक खाता खाता म्हणाला. “आधी झाडू मारायचा. आणि डबे मी लावलेत तसेच ठेवायचे, नंबर टाकायचे नाहीत.”

हारूनने तोंड उघडलं, मिटलं, आणि मान खाली घातली.

“हो, भाई.”